व्यवहारातून परभाषा : एका अध्यापन-परंपरेचा मागोवा

१

मूल भाषा कशी शिकते, या प्रश्नाचा विचार आपल्याकडील मीमांसकांनी आणि नैयायिकांनी फार पूर्वी केलेला आहे. त्यांचे नेहमीचे उदाहरण शास्त्राभ्यासकांच्या परिचयाचे आहे. घरातील वडीलधारा माणूस दुसऱ्याला गाय आणावयास सांगतो. तो उठतो आणि गाय घेऊन येतो. थोड्या वेळाने गाय बांधण्याची आणि घोडा आणण्याची आज्ञा होते. तीही पाळली जाते. जवळ बसलेले मूल हे सारे पाहत असते. कोणता शब्द काढला आणि कोणता घातला म्हणजे कोणती कृती बदलते, याचा मेळ ते मनाशी घालते. आणि त्यातून गाय, घोडा, आणणे, बांधणे हे अर्थ त्याच्यापुरते निराळे होतात. शब्दार्थ कळण्याच्या या मार्गाला शास्त्रकारांनी वृद्धव्यवहार असे नाव दिले. व्याकरण, कोश, आप्तवाक्य हे मार्गही त्यांनी सांगितले आहेत. परंतु व्यवहाराचे महत्त्व त्यांनी सदैव मोठे मानले. पतंजलींनी तर महाभाष्याच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की, घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो. पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही.

विचार इतका स्पष्ट असूनही आपल्या पाठशाळांतून संस्कृतचे अध्ययन मात्र रूपावलीने आणि अमरकोशाच्या पाठांतराने सुरू होत असे. सिद्धान्त एक आणि आचार दुसरा, असा हा विरोध वरवर पाहता वाटतो. तथापि थोडा विचार केला असता तो विरोध राहत नाही. पाठशाळेतील बटूला संस्कृतात गाय आणावयाची नव्हती. त्याला ग्रंथ लावावयाचे होते, वाद करावयाचा होता, मंत्र आणि शास्त्र मुखोद्गत ठेवावयाचे होते. ज्या कामासाठी भाषा हवी, त्या कामाला साजेशी वाट त्याच्या गुरूने घेतली होती.

परभाषेच्या अध्यापनाचा सारा इतिहास या एका सूत्राने उलगडता येतो, असे आम्हांस वाटते. परभाषा खऱ्या कामातून आणि नित्याच्या प्रसंगांतून शिकवावी, हा विचार गेल्या पन्नास वर्षांत नवी पद्धती म्हणून आपल्या शिक्षकांपुढे मांडला जात आहे. प्रशिक्षणवर्गांत त्याला पाश्चात्त्य नावे दिली जातात, आणि जुन्या शिक्षकांना आपण आजवर काहीतरी चुकीचे करीत होतो असे वाटावयास लावले जाते. वस्तुतः हा विचार नवा नाही. जेव्हा जेव्हा माणसाला परक्या भाषेची खरी निकड पडली, तेव्हा तेव्हा तो पुन्हा जन्माला आला. आणि निकड सरून परीक्षा उरली की मागे पडला. प्रस्तुत लेखात त्याच्या अशा काही जन्मांचा मागोवा घ्यावयाचा आहे.

२

पहिला प्रसंग लंडनचा आहे. इ. स. १५७२ मध्ये फ्रान्समध्ये सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी प्रॉटेस्टंटांची भीषण कत्तल झाली. त्या आणि पुढील वर्षांत जीव वाचवून पळालेले अनेक फ्रेंच कारागीर, विणकर आणि व्यापारी इंग्लंडात आश्रयाला आले. हाताला कसब होते. पण जीभ परकी होती. बाजारात भाव विचारता येत नव्हता, शेजाऱ्याचे बोलणे कळत नव्हते. अशा लोकांसाठी झाक बेलो नावाच्या फ्रेंच शिक्षकाने १५८६ मध्ये नित्याच्या संवादांचे एक छोटे पुस्तक छापले.

या पुस्तकाची योजना आजही पाहण्यासारखी आहे. एका बाजूस इंग्रजी वाक्य, त्याच्या शेजारी फ्रेंच अर्थ, आणि तिसऱ्या रकान्यात तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच माणसाला उच्चारता येईल अशा लेखनात. विषय म्हणाल तर एका सामान्य कुटुंबाचा दिवस. मुले सकाळी उठतात, शाळेस जातात. घरची माणसे बाजारात जाऊन कोंबडीवाला, फळवाला, कापडवाला, मासळीवाला, खाटीक यांच्याशी बोलतात, घासाघीस करतात. संध्याकाळी पाहुणे जेवावयास येतात. व्याकरणाचा नियम सांगण्याचा खटाटोप नाही. निर्वासिताला उद्या सकाळी ज्या दुकानाच्या दारात उभे राहावयाचे आहे, तेथील बोलणे आज रात्री त्याच्या हाती दिले आहे, इतकेच. परभाषेच्या पुस्तकाचा आरंभ अशा ठिकाणी झालेला पाहिला म्हणजे ही पद्धती शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतून उगवली, हा समज टिकत नाही. ती पोटासाठी उगवली.

बेलोनंतर सुमारे अर्ध्या शतकाने याच विचाराला शास्त्राचे रूप देणारा पुरुष आणखी एक निर्वासितच होता. मोराव्हियात १५९२ मध्ये जन्मलेल्या कोमेनिअसला धर्मयुद्धांमुळे स्वदेश सोडावा लागला आणि त्याचे उरलेले आयुष्य परमुलखांत गेले. त्या काळी युरोपातील शाळा म्हणजे लॅटिनची शाळा, आणि लॅटिन म्हणजे व्याकरणाचे नियम व छडी. कोमेनिअसने १६३१ मध्ये लॅटिनचे नवे पुस्तक लिहिले आणि १६५८ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे आपले सुप्रसिद्ध सचित्र पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. सुमारे दीडशे चित्रे. प्रत्येक चित्रातील वस्तूला आकडा, आणि तोच आकडा लॅटिन व जर्मन वाक्यांतील शब्दाला. भाकरी भाजणारा, शिंपी, शेतकरी, घर, बाग, आकाश, सारी सृष्टी त्यात आली होती. वस्तू आणि शब्द यांची फारकत होऊ देऊ नये, हे त्याचे मुख्य म्हणणे. पुढील वर्षीच या पुस्तकाचे इंग्रजी रूपांतर झाले. पुस्तक दीर्घकाळ चालले. परंतु त्याच्यामागील तत्त्व मात्र शाळांनी पुष्कळदा विसरून टाकले, आणि मुले चित्राखालची नावेही अमरकोशाप्रमाणे पाठ करू लागली.

३

तिसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा, किंबहुना आपल्या भाषेच्या मुद्रित इतिहासाशी निगडित आहे. कलकत्त्यास १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेजची स्थापना झाली. इंग्लंडहून नव्याने आलेल्या कंपनीच्या तरुण नोकरांना देशी भाषा शिकविणे हा त्याचा उद्देश. तेथे बंगाली, संस्कृत आणि मराठी यांच्या अध्यापनाची जबाबदारी विल्यम केरी या मिशनऱ्याकडे आली. केरी हा मूळचा चर्मकार. जोडे शिवता शिवता त्याने अनेक भाषा आत्मसात केल्या होत्या. भारतात आल्यावर तो काही वर्षे उत्तर बंगालात मदनावती येथील निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. मजूर, कुळे, कारकून यांच्याशी रोजचा संबंध आल्यामुळे त्याची बंगाली पंडिताच्या ओसरीवर जितकी घडली, तितकीच कारखान्याच्या आवारात घडली.

या अनुभवाचे फळ म्हणजे १८०१ मध्ये श्रीरामपूर येथे छापलेले त्याचे बंगाली संवादांचे पुस्तक. चाकर ठेवणे, साहेबाचा हुकूम, मजुरांचे बोलणे, बायकांचा बाजारहाट, त्यांचे भांडण, सावकार आणि ऋणको, लग्न जुळविणे, भिक्षेकरी असे विषय त्यात आहेत. बंगाली गद्याच्या इतिहासकारांनी या पुस्तकाला मानाचे स्थान दिले आहे. कारण पंडिती भाषेच्या त्या काळात रस्त्यावरची बोली प्रथमच इतक्या मोकळेपणाने छापली गेली. पुढे १८०५ मध्ये केरीने मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. वैजनाथशास्त्री या पंडिताचे त्याला साहाय्य होते. या व्याकरणाच्या मुखपृष्ठावरच, त्यास परिचित विषयांवरील संवाद जोडले आहेत, असा उल्लेख आहे. मराठीच्या आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत परकीयांना मराठी शिकविण्यासाठी रचलेले संवाद असावेत, ही गोष्ट आमच्या मते नुसती नोंद करून पुढे जाण्यासारखी नाही.

येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. नित्याचा प्रसंग म्हणजे कोणाच्या नित्याचा? बेलोच्या पुस्तकातील निर्वासित गिऱ्हाईक म्हणून दुकानदारापुढे उभा आहे. तो भाव करतो, आणि दुकानदार त्याला त्याच जोराने उत्तर देतो. कलकत्त्याच्या तरुण साहेबाच्या पाठात मात्र आरंभीच चाकर आहे आणि हुकूम आहे. भाषा तीच, पद्धती तीच. पण शिकणारा कोणत्या नात्याने बोलावयास शिकतो, ते पाठाच्या निवडीनेच ठरून जाते. मराठीसारख्या भाषेत तर ही गोष्ट फार बोलकी आहे. कारण 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतून निवड केल्याशिवाय आपल्याला समोरच्या माणसाशी एक वाक्यही धड बोलता येत नाही. प्रत्येक क्रियापदाबरोबर नाते बोलले जाते. ज्याने मराठी केवळ आज्ञार्थात शिकली, त्याला मराठी आली असे म्हणता येईल. मराठी माणसे मात्र कळली असे म्हणता येणार नाही. केरीला हे भान होते, असे त्याच्या बंगाली पुस्तकावरून दिसते. साहेबाच्या हुकमावर तो थांबला नाही. साहेब जेथे हजर नाही अशी भांडणे, सोयरिकी आणि बाजारही त्याने पुस्तकात आणले. प्रसंग निवडणे म्हणजे नाते निवडणे होय, हा धडा शिक्षकाने त्याच्यापासून घ्यावा.

४

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारडे फिरले. आता साहेबाला मराठी हवी होती त्यापेक्षा मराठी माणसाला इंग्रजी अधिक हवी झाली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि प्रवेशपरीक्षेचा दरवाजा इंग्रजीच्या चौकटीत बसला. या काळात महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांत जे पुस्तक पिढ्यान् पिढ्या इंग्रजीचे पहिले पाऊल ठरले, ते म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. नियम, शब्द, मराठी वाक्यांचे इंग्रजी, इंग्रजी वाक्यांचे मराठी, असा तिचा क्रम. आज या पद्धतीची थट्टा करणे सोपे झाले आहे. 'तर्खडकरी इंग्रजी' असा शब्दप्रयोगच रूढ आहे.

ही थट्टा आम्हांस न्याय्य वाटत नाही. युरोपातील लॅटिनच्या शाळांतून निघून जर्मन शिक्षकांच्या हातून पक्की झालेली व्याकरण-भाषांतराची ही पद्धती आपल्याकडे आली, तेव्हा येथील विद्यार्थ्याचा व्यवहार कोणता होता, हे पाहिले पाहिजे. त्याला इंग्रजाशी गप्पा मारावयाच्या नव्हत्या. त्याला कचेरीत बसून मराठी अर्जाचे इंग्रजी करावयाचे होते, इंग्रजी हुकमाचे मराठी करावयाचे होते. शाळेत शिकवावयाचे होते, वर्तमानपत्रात इंग्रजी बातमीचा तरजुमा द्यावयाचा होता. भाषांतर हाच त्याचा नित्याचा प्रसंग होता! शिवाय गावात इंग्रजी बोलणारा एकही माणूस नसताना, कंदिलाच्या उजेडात एकट्याने शिकणाऱ्या मुलाला या पुस्तकाने जो आधार दिला, तो दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने दिला नसता. दोष पाठमालेचा नव्हे. व्यवहार बदलला, तरुणांना बोलावयाची आणि ऐकावयाची गरज पडू लागली, तरी शाळा आणि परीक्षा त्याच साच्यात राहिल्या, हा खरा दोष. पद्धती म्हातारी होत नाही. तिला जन्म देणारी गरज निघून जाते आणि ती पोरकी होते.

युरोपातही याच सुमारास या पोरक्या पद्धतीविरुद्ध बंड उठले. त्यातील फ्रेंच शिक्षक फ्रांस्वा गुआँ याची कथा कोणत्याही भाषाशिक्षकाने ऐकावी अशी आहे. हा लॅटिनचा अध्यापक जर्मन शिकण्यासाठी हँबर्गला गेला. आपल्या लॅटिनच्या अनुभवावर भिस्त ठेवून त्याने जर्मनचे व्याकरण आणि २४८ अनियमित क्रियापदे दहा दिवसांत पाठ केली आणि मोठ्या उत्साहाने विद्यापीठातील व्याख्यानाला जाऊन बसला. त्याला एक शब्दही कळला नाही. मग त्याने शेकडो धातू पाठ केले; ग्योटे आणि शिलर यांची भाषांतरे करून पाहिली; अखेरीस शब्दकोशातील तीस हजार शब्द घोकण्यापर्यंत त्याची मजल गेली. डोळे दुखू लागले, पण जर्मन कळेना. हताश होऊन तो घरी परतला, तेव्हा जाताना ज्याला धड बोलता येत नव्हते, तो त्याचा तीन वर्षांचा पुतण्या घरभर चुरूचुरू बोलत होता. एके दिवशी ते पोर गिरणी पाहून आले आणि त्याने पाहिलेली प्रत्येक क्रिया क्रमाने खेळून आणि बोलून दाखविली. गुआँला त्यात वाट सापडली. परस्परांना जोडलेल्या क्रियांची मालिका करून भाषा शिकवावी, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १८८० मध्ये निघाला. आपल्या वाचकांस या ठिकाणी गाय आणि घोडा यांची आठवण होईल. आमच्या शास्त्रकारांना ओसरीवर बसलेल्या मुलात जे दिसले, तेच गुआँला तीस हजार शब्दांचा वनवास भोगून दिसले.

१८८२ मध्ये विल्हेल्म फीएटर या जर्मन अध्यापकाने, भाषाशिक्षणाने आता मागे फिरले पाहिजे, असे बजावणारे पत्रक टोपणनावाने काढले आणि सुधारणेची चळवळ उभी राहिली. अमेरिकेत बर्लिट्झने १८७८ पासून चालविलेल्या शाळांत विद्यार्थ्याची भाषा उच्चारावयाचीच नाही, असा दंडक घातला होता. या सर्वांमुळे बोलण्याला वर्गात प्रतिष्ठा आली, यात संशय नाही.

तथापि या काळातील सर्वांत मार्मिक प्रश्न युरोपात नव्हे, तर ढाक्यात विचारला गेला. मायकेल वेस्ट हे तेथे शिक्षणखात्यात काम करीत होते. बंगालच्या मुलांना इंग्रजी कशासाठी हवी, हा प्रश्न त्यांनी प्रथम विचारला आणि मग पद्धती शोधली. बहुतेक मुले शाळा अर्धवट सोडतात. थोडेसे बोलणे शिकून ती गेली तर त्यांच्या हाती काही राहत नाही. वाचता आले तर ज्ञानाचे दार निदान किलकिले राहते, असा त्यांचा विचार. म्हणून त्यांनी वाचनाला अग्रस्थान दिले आणि मोजक्या शब्दांत क्रमवार वाचनमाला रचल्या. द्वैभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ चा. बोलणे हाच तेवढा व्यवहार असे मानणाऱ्यांना वेस्ट यांचे उत्तर आजही विचारात घ्यावे लागेल. खरे काम कोणते, हे शिकणाऱ्याच्या आयुष्याकडे पाहून ठरवावयाचे असते.

५

स्वातंत्र्योत्तर काळात आपल्या देशात इंग्रजीच्या अध्यापनाला नवे वळण देण्याचे प्रयत्न झाले. १९५८ मध्ये हैदराबादेस केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, आणि १९६३ मध्ये दक्षिणेकडील राज्यांसाठी बंगळूरला प्रादेशिक संस्था स्थापन झाली. भाषांतर मागे पडून वाक्यरचनांचा क्रम, तोंडी सराव आणि वर्गात निर्माण केलेला प्रसंग, या तीन खांबांवर नवी पद्धती उभारण्यात आली. तक्ते, चित्रे, वस्तू वर्गात आल्या. आमच्या पिढीतील पुष्कळ शिक्षक याच पद्धतीत तयार झाले.

परंतु या प्रसंगात एक उणीव होती, आणि ती मुलांना शिक्षकांच्या आधी कळली होती. शिक्षक पुस्तक हातात धरून म्हणतो, हे पुस्तक आहे. साऱ्या वर्गाला दिसत असते की ते पुस्तक आहे. मग सांगितले कोणाला आणि कशासाठी? गुरुजी खिडकीकडे चालत जातात आणि आपण खिडकीकडे चालत आहोत असे सांगतात. जगात असे कोणी बोलत नाही. वृद्धव्यवहारातील मनुष्य गाय आणावयास सांगतो, तेव्हा त्याला गाय खरोखरच हवी असते. वर्गातील प्रसंगात गाय कोणालाच नको होती. नाटक होते, गरज नव्हती. वर्षानुवर्षे रचना घोकलेली मुले वर्गाबाहेर मुकी राहू लागली.

याच सुमारास पश्चिम युरोपात देशोदेशीचे कामकरी आणि प्रवासी यांची ये-जा वाढली होती. १९७१ पासून युरोपीय परिषदेच्या तज्ज्ञांनी प्रौढ माणसाला परभाषेत काय काय करता आले पाहिजे, याची गणती सुरू केली : विचारणे, नकार देणे, क्षमा मागणे, वाट पुसणे, तक्रार करणे. व्हान एक यांनी १९७५ मध्ये आणि विल्किन्स यांनी १९७६ मध्ये या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप दिले. अमेरिकेत डेल हाइम्स यांनी, शुद्ध वाक्य रचता येणे आणि ते कोणाशी, केव्हा, कसे बोलावे हे कळणे, या दोन निराळ्या गोष्टी असून दुसरीवाचून पहिली निरुपयोगी ठरते, असे दाखवून दिले होते. लंडनच्या फ्रेंच निर्वासिताला जे पोटाने शिकविले, ते चारशे वर्षांनी शास्त्राने मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही.

६

या साऱ्या इतिहासातील अखेरचा आणि आमच्या मते सर्वांत बोधप्रद प्रसंग मात्र बंगळूरचा आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळूर आणि मद्रास (आजचे चेन्नई) या भागांतील सामान्य शाळांच्या आठ वर्गांत एक प्रयोग झाला. शिकविणारे शिक्षक अठरा. मुले गरीब-मध्यम घरांतील, वर्ग मोठे, साधने म्हणजे खडू आणि फळा.

प्रभू यांच्यापुढे एक पेच होता. युरोपातील पद्धती मुलांना दुकानातील, स्थानकावरील संवाद शिकवा म्हणून सांगत होती. परंतु बंगळूरच्या या मुलांना दुकानात इंग्रजी बोलावयाचे नव्हते. तेथे कन्नड होती, तमिळ होती. तो प्रसंग वर्गात आणला असता, तर तेही नाटकच झाले असते. मग खरी गरज आणावयाची कोठून? प्रभूंनी ती मुलांच्या बुद्धीत शोधली. रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, महिन्याचे पंचांग, दुकानाचा हिशेब अशी साधी सामग्री घेऊन मुलांपुढे कोडे ठेवावयाचे. अमुक गावाहून निघून दुपारपूर्वी तमुक गावी पोहोचावयाचे आहे, तर कोणती गाडी धरावी? प्रथम असेच एक कोडे शिक्षक साऱ्या वर्गाबरोबर, प्रश्नोत्तरे करीत, फळ्यावर सोडवी. नंतर तशाच प्रकारचे दुसरे मुलांनी आपापले सोडवावयाचे. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर पाठ योग्य पातळीचा होता असे समजावयाचे. व्याकरणाचा क्रम नाही, नियमांचा पाठ नाही. मन अर्थात गुंतले असता रचना नकळत घडत जाते, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून उत्तर बरोबर आहे की नाही हे आधी पाहावयाचे, वाक्याची चूक सहज जाता जाता दुरुस्त करावयाची. मुलांनी आपसांत गट करून बोलावे, यावरही त्यांचा विशेष भर नव्हता. चुकीची भाषा एकमेकांच्या कानांत मुरेल, अशी त्यांना शंका होती. पाश्चात्त्य पद्धतीचे अनुकरण नव्हे, तर तिला आपल्या मातीत विचारलेला प्रश्न, असे या प्रयोगाचे स्वरूप होते.

त्याचे मूल्यमापन बेरेटा आणि डेव्हिस यांनी केले आणि ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष सावध होते. रचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीचे वर्ग उजवे ठरले. शिकलेली भाषा नव्या संदर्भात वापरणे आणि समजून घेणे यांत प्रयोगाचे वर्ग सरस दिसले. ज्याने जे केले, त्याला ते आले. पुढील पाहणीत असेही आढळले की, प्रयोगकर्त्यांना जे साधले ते शाळेतील नेहमीच्या सर्वच शिक्षकांना साधले नाही; व्याकरणाचा आधार सुटल्यावर काहींना आपण काय शिकवीत आहोत हेच उमगेना. प्रयोग संपला, परंतु प्रभूंचा १९८७ चा ग्रंथ जगभरच्या शिक्षकांनी वाचला. १९९० मध्ये त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. सर्वोत्तम अशी पद्धती नसतेच. शिक्षकाला आपण करतो ते का करतो, याची जिवंत जाणीव असणे हेच महत्त्वाचे, असा त्याचा आशय आहे. एका पद्धतीच्या प्रवर्तकाने पद्धतींचा अभिमान सोडावा, हे दृश्य विरळा.

७

हा सारा इतिहास आम्ही कुतूहलापोटी उगाळलेला नाही. त्याचा आमच्या घराशी संबंध आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या वसलेल्या आम्हा मराठी भाषकांच्या घरांत आता एक नवा विद्यार्थी आला आहे. त्याचे आडनाव मराठी आहे, देवघरातील आरती मराठी आहे. पण त्याच्या खेळण्याची, भांडण्याची आणि स्वप्नांची भाषा हिंदी, कन्नड, तेलुगू, गुजराती किंवा इंग्रजी आहे. त्याला मराठी परकी नाही आणि आपलीही नाही.

अशा मुलांसाठी चालणाऱ्या एका वर्गात आम्ही काही वर्षे शिकवीत होतो. तेथील एका मुलीचे शुद्धलेखन निर्दोष होते, म्हणी तोंडपाठ होत्या. परीक्षेत ती पहिली आली. बक्षीस-समारंभाला तिची आजी आली होती. आजीने कौतुकाने जवळ घेऊन, "भूक लागली का गं?" असे विचारले. मुलीने उत्तर हिंदीत दिले. आजीही मग हिंदीत बोलू लागल्या. त्या दिवशी बक्षीस मुलीला मिळाले आणि नापास आम्ही झालो, असे आम्हांस वाटले. आम्ही तिला मराठीचा कोश दिला होता, व्याकरण दिले होते. पण मराठीत करावयाचे असे एकही काम दिले नव्हते.

पुढील वर्षी आम्ही पुस्तक थोडे बाजूस ठेवले. मुलांनी घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून यावे की, आपले कुटुंब या गावी कोठून, कशासाठी आणि कोणत्या वाटेने आले. आणि ते नकाशावर दाखवावे. अट एकच : विचारावयाचे मराठीत आणि ऐकावयाचेही मराठीत. उत्तर मुलांना ठाऊक नव्हते आणि आम्हांसही नव्हते; म्हणून प्रश्न खरा होता. कोणाचे पणजोबा फौजेबरोबर आले होते, कोणाचे कारकुनीसाठी, कोणाचे नुसते दुष्काळाने. मुलांनी आणलेली वाक्ये मोडकी होती. क्रियापदांची लिंगे चुकत होती, मध्येच दुसऱ्या भाषेचे शब्द येत होते. पण त्या वाक्यांना मालक होता. घरी आजोबांना 'तुम्ही' म्हणावयाचे आणि आजीला 'तू', हेही मुलांना कोणी सांगितले नाही. ते त्यांनी विचारता विचारता उचलले.

व्याकरण नको असे आम्ही म्हणत नाही. आपल्या माणसाचे सांगणे कागदावर उतरविताना अडले, तेव्हा त्याच मुलांनी आपण होऊन नियम विचारले. आणि तेव्हा सांगितलेला नियम विसरला गेला नाही. शब्दांसाठी कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही हे खरे. पण बोललेले नीट उभे राहावे असे वाटू लागले म्हणजे माणूस तेथेही जातो. क्रम मात्र उलटा करून चालत नाही.

बेलोजवळ निकड होती, कोमेनिअसजवळ चित्रे होती, प्रभूंजवळ कोडी होती. बृहन्महाराष्ट्रातील शिक्षकाजवळ दुसऱ्या कोणत्याही शाळेत नसलेले एक साधन आहे : घरात अजून मराठी बोलणारी एक वृद्ध व्यक्ती. वृद्धव्यवहार या शब्दाचा अर्थ आमच्यापुरता अगदी अक्षरशः खरा ठरला आहे. हे साधन पुस्तकासारखे कपाटात ठेवून पुढच्या पिढीला देता येत नाही. ते हाताशी आहे तोवर मुलांना त्याच्याशी बोलण्याचे काम लावून देणे, एवढे तरी आपल्या संस्थांनी आणि शिक्षकांनी या वर्षीच सुरू करावे, अशी आमची विनंती आहे.